कोसभर दूरचा मृदंग

प्रश्न : माझे गाव माण तालुक्यात आहे. दर डिसेंबरात आई-वडिलांकडे चार दिवस राहायला जातो. त्या सुमारास शेजारच्या गावात सप्ताह बसलेला असतो. दिवसा तिथला आवाज अजिबात येत नाही, पण रात्रीच्या कीर्तनातले वाक्य न् वाक्य आमच्या अंगणात ऐकू येते. स्पीकर तोच, अंतर तेच. मग फरक कशाचा? आणि एवढ्या शांत गावात मला झोप का लागत नाही? पुण्यात बसथांब्याला लागून घर आहे, तिथे गाढ झोपतो.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी स्पीकरवाल्यावरचा आळ काढून टाकू. रात्री तो मुद्दाम आवाज वाढवतो, असा शेजारगावाचा पक्का समज असतो. एखाद्या ठिकाणी तो खराही असेल. पण बटणाला कोणी हात न लावताही रात्री आवाज लांबवर पोचतो, आणि ते काम हवा करते.

आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. २० अंश सेल्सियसला तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि दर अंशामागे साधारण ०.६ मीटरने वाढतो किंवा घटतो. फरक किरकोळ वाटेल. पण आवाजाची लाट जमिनीलगत आणि वरच्या हवेतही एकाच वेळी पुढे सरकत असते. वरचा भाग एका वेगाने आणि खालचा दुसऱ्या वेगाने निघाला की ती सरळ राहत नाही. बैलजोडीतला एक बैल रेंगाळला की गाडी त्याच्या अंगाला वळते, तसे होते. दुपारी माळाची जमीन तापलेली असते, तिच्यालगतची हवा गरम आणि वरची थंड. म्हणजे रेंगाळणारा बैल वरच्या बाजूला. आवाज वर वळतो आणि थोडे अंतर गेल्यावर तुमच्या डोक्यावरून निघून जातो. तुम्ही त्याच्या सावलीत बसलेले असता. या सावलीत आवाज २० डेसिबलने किंवा त्याहूनही अधिक घटू शकतो.

सूर्य मावळला की सगळे उलटते. निरभ्र आकाशाखाली जमीन आपली उष्णता झपाट्याने टाकते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरची त्या मानाने उबदार राहते. हवामानशास्त्रात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. आता रेंगाळणारा बैल खालच्या बाजूला आला. वर निघालेला आवाजही वळून पुन्हा जमिनीकडे येतो, शिवारापलीकडे उतरतो. मार्गशीर्ष-पौषात आकाश स्वच्छ, वारा पडलेला आणि रात्र मोठी, म्हणून हा प्रकार त्या दिवसांत सर्वांत जोरात असतो. डोळ्यांनी खात्री करून घ्यायची असेल तर संध्याकाळी चुलींचा धूर पाहा. तो वर न जाता घरांच्या छपरांच्या थोडा वर आडवा पसरून राहिला असेल, तर त्या रात्री कीर्तन तुमच्या अंगणात येणार हे नक्की. धुक्यात आवाज लांब जातो असे जुनी माणसे सांगतात तेही बरोबर आहे. मात्र करामत धुक्याची नसून ज्या गार, स्थिर हवेत धुके धरते तिची आहे.

आता थोडा हिशेब. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. देवळाच्या शिखराला बांधलेल्या कर्ण्याजवळ, मीटरभर अंतरावर, ११० डेसिबल भरले, तर नुसत्या अंतराच्या हिशेबाने एक किलोमीटरवर ५० उरतात. दिवसा त्यातले २० सावलीने खाल्ले तर राहिले ३०, आणि तेही पाखरे, ट्रॅक्टर, शाळा, दळणाची गिरणी यांच्या गलक्यात बुडतात. रात्री सावली नाही आणि गलकाही नाही. आडगावी मध्यरात्री भोवतालचा आवाज ३० डेसिबलच्या आसपास, म्हणजे कुजबुजीइतका उतरतो. डिसेंबरात तर रातकिडेही मंदावलेले असतात. त्यांची किरकिर तापमानाबरोबर कमी-जास्त होते, हे एमॉस डॉलबेअर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ मध्येच सूत्रात मांडले होते. अशा कोऱ्या पार्श्वभूमीवर ५० डेसिबलचे कीर्तन म्हणजे बुवा ओसरीवर येऊन बसल्यासारखेच.

एक बारकावा तुम्हाला स्वतःलाही तपासता येईल. किलोमीटरभर हवेतून जाताना ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर २० डेसिबलहून अधिक गमावतात, तर १०० हर्ट्झचे खर्ज स्वर एक डेसिबलही गमावत नाहीत. म्हणून लांबून ऐकताना टाळांची किणकिण आधी विरते, मग शब्दांच्या कडा बोथट होतात आणि शेवटी पखवाजाच्या डाव्या पुडीचा घुमारा तेवढा उरतो. आणखी दोन गावे ओलांडून गेलात तर नुसता तोच ऐकू येईल, आणि कोणता अभंग चालला आहे ते ठेक्यावरून ओळखणारा एखादा म्हातारा त्याही गावात असेल.

झोपेचे कारण वेगळे आहे. झोपेत कान बंद होत नाहीत. मेंदू राखण करतच असतो. तो आवाज किती मोठा आहे याच्यापेक्षा ओळखीचा आहे की नाही हे आधी बघतो. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की परक्या ठिकाणी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा उथळ झोपतो आणि अनोळखी आवाजाला पटकन दाद देतो. पुण्यातल्या बसचे गिअर तुमच्या मेंदूने कधीच माफ केले आहेत. गावचे कुत्रे, पत्र्यावर पडणारे पान, मध्येच ओरडत गेलेली टिटवी यांची त्याला आता सवय उरलेली नाही. शिवाय शहरात सगळे आवाज एकमेकांत मिसळून त्यांची एक सलग गाज होते. गावात प्रत्येक आवाज सुटा येतो, त्याच्या आधी शांतता आणि नंतरही शांतता. अशा सुट्या आवाजाने जाग येते.

तुमच्या वडिलांना विचारा, त्यांची तक्रार नेमकी उलटी निघेल. शेतीपंपांना पाळीपाळीने आठवड्यात कधी दिवसा, कधी रात्री थ्री-फेज वीज मिळते. रात्रपाळीच्या दिवसांत शेतकरी मोटर चालू करून वस्तीवर आडवा होतो आणि तिच्या घरघरीत बिनघोर झोपतो. मोटर बंद पडली, की दचकून उठतो. विहिरीतले पाणी सरले, फ्यूज गेला की लाइट गेली, हे बघायला बॅटरी घेऊन निघतो. त्याला शांततेने जाग आणली. गावाकडचा आवाज बहुतेक वेळा काहीतरी सांगत असतो: गिरणी सुरू झाली, कारखान्याची पाळी बदलली, उसाची बैलगाडी चढाला लागली, कुणाच्या तरी गोठ्यात काहीतरी शिरले. तुमच्यासाठी तो नुसता आवाज असतो, कारण त्यातली माणसे आणि गुरे आता तुमच्या रोजच्या हिशेबात नाहीत. चार दिवसांऐवजी महिनाभर राहिलात तर बहुधा झोप लागेल. सप्ताहाचे मात्र सांगता येत नाही. पहाटे काकडाही असतो.

प्रश्न : आम्ही मुळशी तालुक्यात शनिवार-रविवारसाठी छोटे घर बांधले. शेजारच्या शेतकऱ्याचा कोंबडा पहाटे साडेतीनला ओरडायला लागतो. अजून उजाडलेलेही नसते! त्याचे घड्याळ बिघडले आहे का? आणि याची तक्रार करता येते का?
— एक वाचक

उत्तर : घड्याळ ठीक आहे. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवून पाहिले. बाहेर दिवस आहे की रात्र हे कळायला काहीही मार्ग नसताना ते आपापल्या ‘पहाटे’ आरवतच राहिले. एरवीही दिवे लागण्याच्या सुमारे दोन तास आधी त्यांचे सुरू होत असे. म्हणजे उजेड दिसला म्हणून कोंबडा आरवत नाही. शरीरातले घड्याळ त्याला उजाडायच्या आधीच उठवते. पुढच्या प्रयोगात त्याच संशोधकांना आढळले, की एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत आरवण्याचा पहिला मान सर्वांत वरचढ कोंबड्याचा असतो आणि बाकीचे त्याच्यामागून मानाच्या क्रमाने आरवतात. गावच्या पोळ्यालाही बैलांचा मान ठरलेला असतो, तेव्हा हे वाचून आश्चर्य वाटू नये.

तक्रारीचे म्हणाल तर जगभर झाल्या आहेत. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ओलेराँ नावाचे बेट आहे. तिथल्या मॉरिस नावाच्या कोंबड्यावर सुट्टीपुरते येणाऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने निकाल कोंबड्याच्या बाजूने दिला, वर दावा लावणाऱ्यांनाच १,००० युरो भरपाई द्यायला लावली. प्रकरण एवढे गाजले, की जानेवारी २०२१ मध्ये फ्रान्सने ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा तिथला वारसा मानणारा कायदा केला. आरवणे, गुरांच्या गळ्यातल्या घंटा, शेणाचा वास, सगळे त्यात आले. मॉरिस मात्र त्याआधीच, २०२० मध्ये मेला.

आपल्याकडे केरळमध्ये, पत्तनंतिट्टा जिल्ह्यातल्या अडूरजवळच्या एका गावात, २०२५ च्या फेब्रुवारीत उलटे घडले. पहाटे तीनपासून आरवणाऱ्या कोंबड्यामुळे आजारी शेजाऱ्याची झोपमोड होत होती. महसूल अधिकाऱ्याने जागा पाहिली आणि घराच्या वरच्या मजल्यावरचे खुराडे १४ दिवसांत हलवून आवारात दुसरीकडे न्यायला सांगितले. मला विचाराल तर फ्रान्सच्या कायद्यापेक्षा हा निकाल शहाणा आहे. कोणी जिंकले नाही, खुराडे तेवढे सरकले.

तुमच्या बाबतीत तर अधिकाऱ्याचीही गरज नाही. खुराड्यात उजेड शिरणार नाही असे गोणपाट लावले आणि छत एवढे खाली घेतले की कोंबड्याला मान ताणून आरवता येऊ नये, तर आवाज बराच दबतो. बंद होत नाही. गोणपाट तुम्हीच घेऊन जा आणि बोलणे अंड्यांपासून सुरू करा. तो शेतकरी त्या शिवारात तुमच्या आधीपासून आहे, आणि रविवारी रात्री तुमच्या अंगणात वाजणाऱ्या गाण्यांबद्दल त्याने अजून कुठे पत्र लिहिलेले नाही.

प्रश्न : महाराष्ट्रात एखादे पूर्ण शांत गाव आहे का?
— एक शाळकरी वाचक, नाशिक

उत्तर : कायमचे शांत गाव म्हणजे ओस पडलेले गाव, ते आपल्याला नको. पण ठरवून शांत होणारी गावे आहेत.

सिंधुदुर्गात मालवण तालुक्यात आचरे आहे. तिथे काही वर्षांच्या अंतराने गावपळण होते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल मिळाला की सगळे गाव घरांना कुलपे लावून वेशीबाहेर जाते. म्हातारेकोतारे, तान्ही मुले, गुरे, कुत्री, मांजरे, कोंबड्या, सगळे. तीन दिवस आणि तीन रात्री गावात चूल पेटत नाही की घंटा वाजत नाही. मग पुन्हा कौल घेतात आणि देवाने मान्य केले तर परततात. जवळच्या चिंदर आणि वायंगणीतही ही रीत आहे, वैभववाडी तालुक्यातल्या शिराळ्यातही. का सुरू झाली याच्या कथा गावागणिक वेगळ्या आहेत. गंमत अशी, की सोडलेले गाव चिडीचूप असते तेव्हा वेशीबाहेरच्या झोपड्यांत भजने, फुगड्या आणि खेळांची धमाल चाललेली असते. शेजाऱ्याशी कधी नव्हे एवढ्या गप्पा होतात. शांतता देवाला आणि गोंगाट माणसांना, अशी वाटणीच झालेली असते.

दुसरे गाव सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव. तिथे शांततेसाठी भोंगा वाजतो! करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आल्या. मुलांच्या हाताला चिकटलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना. म्हणून १५ ऑगस्ट २०२२ पासून गावाने ठरवले, की संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघर टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे. साडेआठला दुसरा भोंगा, मग हवे ते लावा. मधला दीड तास मुलांच्या अभ्यासाचा. सुरुवातीला अंगणवाडी सेविका आणि आशा ताई दारोदार फिरून समजावत होत्या. भोंगा कशासाठी वाजतो हे गावाला ठाऊक आहे आणि तो वाजवायचा हे गावानेच ठरवले आहे. म्हणून त्या कर्कश आवाजाचा त्रास होतो असे कुणी म्हणत नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेत आणि प्रत्येक वरातीत रात्री एक-दोनपर्यंत डॉल्बी चालते. घराच्या खिडक्या थरथरतात. सासूबाई ऐंशीच्या आहेत, हृदयाचा त्रास आहे. तक्रार केली तर सगळी भावकीच, राहायचे कसे? कायदा गावाला लागू असतो का?
— एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : लागू असतो, जसाच्या तसा. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत आणि ते शहर आणि खेडे असा भेद करत नाहीत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सणा-समारंभांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. तुमची जत्रा त्या दिवसांत बसत असली तरी १२ नंतर नाही. वरात तर बसतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये हे नियम उचलून धरले आहेत. त्यामुळे ‘आमच्याकडे पहिल्यापासून असेच असते’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही.

पहिल्यापासून असे नव्हतेही. जत्रेत ढोल-ताशे, लेझीम आणि तमाशा होता. तमाशाही रात्रभर चालायचा, हे खरे. पण तो गावकुसाबाहेर माळावर असायचा आणि ज्याला ऐकायचा तो तिथे जायचा. डॉल्बी तुमच्या घरात येते. तिचा सगळा जोर खर्ज स्वरांवर असतो. हे स्वर भिंतीतून, पत्र्यातून आरपार जातात, म्हणून खिडक्या लावून फारसा फरक पडत नाही आणि तावदाने उलट जास्त थरथरतात. सासूबाईंना त्या रात्री घराच्या मागच्या, मिरवणुकीच्या रस्त्यापासून लांबच्या खोलीत झोपवा. शक्य असेल तर दुसऱ्या वस्तीवरच्या नातेवाइकांकडे न्या. हा अन्याय आहे हे मान्य, पण दुखणाऱ्या छातीला त्या रात्री कायद्यापेक्षा अंतर उपयोगी पडते.

भावकीची भीती मी हलकी मानत नाही. शहरात तक्रार करणारा दुसऱ्या दिवशी गर्दीत हरवतो. गावात त्याला त्याच विहिरीवर पाणी भरायचे असते आणि त्याच पतसंस्थेत जायचे असते. म्हणून वेळ महत्त्वाची. मिरवणूक रंगात आल्यावर बोलू नका. जत्रेच्या महिनाभर आधी यात्रा कमिटी वर्गणीला दारात येते, तेव्हा बोला. त्या वेळी सुपारी अजून दिलेली नसते. म्हातारी माणसे, बाळंतिणी, दहावी-बारावीची मुले असलेली चार-पाच घरे एकत्र आली तर तो एकट्याचा विषय राहत नाही. पोलीस पाटलांना आधीच सांगून ठेवा. २००७ पासूनच्या तंटामुक्ती मोहिमेतली समिती तुमच्या गावात अजून जिवंत असेल तर तिलाही. मागणी मोजकी ठेवा: दहाला बंद, आणि आजाऱ्यांच्या दारापुढे मिरवणूक थांबवायची नाही.

एवढे करूनही ऐकले नाही तर ११२ आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांच्या प्रकरणात पोलिसांना बजावले, की तक्रार आली तर तक्रारदाराची ओळख पटवत न बसता कारवाई करावी आणि त्याचे नाव समोरच्याला कळू देऊ नये. फोनवर गाव, ठिकाण आणि किती वाजल्यापासून चालू आहे एवढे सांगा. स्वतःचे नाव सांगायलाच हवे असे नाही.